चाळीस भोकांची रिम

पुण्याला सायकलींचं शहर का म्हणत, याची कारणं सांगताना सपाट रस्ते, जवळजवळच्या पेठा, सौम्य हवा आणि विद्यार्थी व पगारदारांची मोठी वस्ती या गोष्टी नेहमी पुढे येतात. त्या खऱ्याच आहेत. मुळा-मुठेच्या खोलगट खोऱ्यात वसलेल्या या शहरात शनिवारवाड्यापासून फर्ग्युसन कॉलेज किंवा लष्कर भाग सायकलवर पाव तासाच्या अंतरावर होता, आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पाळीला जाणाऱ्या कामगारालाही बसची वाट पाहण्यापेक्षा सायकल मारत जाणं सोयीचं पडे. पण सपाटी आणि हवा यांच्यामुळे माणूस सायकल विकत घेतो. तीच सायकल वीस-पंचवीस वर्षं वापरून पुढे मुलाच्या हाती देतो, ते दुरुस्तीच्या बळावर. पुण्याच्या सायकलींबद्दल बोलताना ही दुरुस्तीची बाजू मागे राहते, आणि तिचा गाभा असलेलं मागचं चाक तर आणखीच मागे. माझं म्हणणं असं आहे, की पुण्यातली सायकल टिकली याचं श्रेय तिच्या पोलादाच्या जाडीला कमी आणि मागचं चाक उकलून, त्यातला मोडलेला तेवढाच भाग बदलून, कोपऱ्यावरच्या दुकानात पुन्हा बांधता येत होतं या गोष्टीला जास्त आहे. ते बांधता येत होतं, कारण रिमचं माप आणि तिच्यावरची भोकं शहरभर एकच होती. आज रोड बाइकच्या मागच्या चाकासाठी नवी रिम निवडणाऱ्याला या इतिहासातून घेण्यासारखं जे आहे, ते हेच.

मागचंच चाक का, हे आधी पाहायला हवं. स्वाराच्या वजनाचा निम्म्याहून बराच अधिक भाग मागच्या चाकावर येतो. कॅरिअरवरचं ओझं जवळजवळ सगळं त्याच्यावरच पडतं, आणि पायडलवर मारलेला जोर साखळीतून येऊन त्याच चाकाच्या हबला पीळ देतो. बैलगाडीच्या चाकात ओझं तुंब्यातून खालच्या आऱ्यावर आणि तिथून धावेवर दाबत उतरतं. लाकडी आरा ते ओझं उभ्याने पेलतो. सायकलचा तारेचा स्पोक असा दाब सोसू शकत नाही, तो वाकेल. म्हणून तो आधीपासूनच ताणून ठेवलेला असतो. आजच्या चांगल्या बांधलेल्या मागच्या चाकात गिअरच्या बाजूच्या एकेका स्पोकवर शंभर ते एकशेवीस किलोचा ताण असतो, आणि चाकावर वजन आलं की जमिनीलगतच्या मोजक्या स्पोकांचा ताण तेवढ्यापुरता उतरतो. जॉब्स्ट ब्रँट या अमेरिकी अभियंत्याने १९८१ साली ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे गणिताने मांडलं. याचा अर्थ असा, की चाकाच्या दर फेऱ्याला प्रत्येक स्पोक एकदा सैलावतो आणि पुन्हा ताणला जातो. लाखो फेऱ्यांनंतर तार थकते आणि हबच्या भोकाशी जिथे ती वाकवलेली असते तिथे तुटते. ताण असमान असेल तर हे फार लवकर घडतं. या ओढाताणीत रिमचं काम दुहेरी असतं. सगळ्या स्पोकांचा ताण तिने न वाकता धरून ठेवायचा, आणि रस्त्याचा धक्का एका स्पोकावर न टाकता शेजारच्या जितक्यांना वाटता येईल तितक्यांना वाटायचा. रिम किती चांगली हे तिच्या धातूवर जेवढं ठरतं, तेवढंच तिला किती स्पोक धरून आहेत आणि ते कुणी कसे ताणले आहेत यावर ठरतं.

हे तारेचं चाक युरोपात घडलं. पॅरिसमध्ये यूजीन मेयरने १८६९ साली तारेच्या स्पोकांचं चाक केलं. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्लीने १८७४ साली स्पोक हबपासून सरळ न काढता तिरके काढण्याची पद्धत आणली, त्यामुळे हबचा पीळ रिमपर्यंत नीट पोचू लागला. १८८८ साली डनलॉपने हवेचं टायर आणलं. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवातही त्याच १८८८ सालापासून मोजली जाते, आणि ती बेळगावच्या सायकल दुकानापासून. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचा व्यापार धरला. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकत, गिऱ्हाइकाला चालवायला शिकवत. कारखान्यापासून हजारो मैलांवर विकलेल्या यंत्राची जबाबदारी विकणाऱ्यावरच येते. सायकल मोडली तर ती बर्मिंगहॅमला परत धाडता येत नाही, तिथल्या तिथे उघडून समजून घ्यावी लागते. या दुकानातूनच पुढे कडबा कापण्याची यंत्रं आणि लोखंडी नांगर आले, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि १९४६ साली खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आला, जिथे कामगार सायकलींवरून येत. मराठी माणसाच्या यंत्रविद्येच्या इतिहासात सायकल दुरुस्तीला एवढं मानाचं स्थान आहे, हे आपण पुरेसं लक्षात ठेवलेलं नाही.

आता मापाकडे वळू. पुण्याच्या रस्त्यावर दिसणारी काळी, उंच, सरळ हँडलची सायकल ही इंग्लिश रोडस्टरची वंशज. तिच्या टायरचं माप २८ बाय दीड इंच. टायर रिमवर जिथे बसतं तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. रिम पोलादी, वर क्रोमियमचा मुलामा, आडवा छेद घेतला तर कडा गोल वळलेल्या आणि पोट मधे किंचित फुगीर. हा वेस्टवूड घाट. तो घाट सळ्यांच्या ब्रेकसाठी केलेला होता. त्या ब्रेकचे रबर रिमच्या दोन बाजूंना चिमटीत धरत नाहीत, ते हबच्या बाजूने रिमच्या पोटावर दाबले जातात. यातून एक मोठी सोय आपोआप झाली. चाक थोडं आउट असलं, म्हणजे डावी-उजवीकडे लचकत असलं, तरी ब्रेक घासत नाही आणि माणूस कामावर पोचतो. स्पोकांच्या बाबतीत इंग्लंडने वेगळा हिशेब धरला होता. इतर देशांत पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना ३६-३६ स्पोक असत. इंग्लिश कारखानदारांनी पुढचे चार काढून मागे दिले, पुढे ३२ आणि मागे ४०. बेरीज दोन्हीकडे ७२. सायकलवरचं वजन कुठे पडतं हे ओळखून केलेली ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. इंग्लंडने पुढे ती सोडून दिली. भारताने मात्र धरून ठेवली, आणि आजही दूधवाल्याच्या किंवा पेपरवाल्याच्या काळ्या सायकलच्या मागच्या रिमला चाळीसच भोकं असतात.

हे माप टिकण्यामागे नुसती सवय नव्हती. इंग्रजी अमलात भारत ही ब्रिटिश सायकलींची मोठी बाजारपेठ होती, आणि १९३० च्या दशकात स्वस्त जपानी मालही इथे येऊ लागला. ज्याला इथे माल खपवायचा होता त्याला आधीच रस्त्यावर असलेल्या सायकलींना बसेल असाच माल करावा लागे. दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, सोनपतला अ‍ॅटलस आणि लुधियानाला हिरो आले. आयातीवर बंधनं होती आणि सायकलचे बरेचसे सुटे भाग लघुउद्योगांसाठी राखून ठेवलेले होते, म्हणून लुधियानातल्या असंख्य छोट्या कारखान्यांनी तेच जुनं इंग्लिश माप उचललं. एकाने हब करावी, दुसऱ्याने रिम, तिसऱ्याने स्पोक, आणि हे तिन्ही पुण्याच्या दुकानात एकमेकांना बसावेत, असा तो व्यवहार होता. डेव्हिड अर्नोल्ड या इतिहासकाराने ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ या २०१३ च्या पुस्तकात सायकल, शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र आणि भातगिरणी ही परकी यंत्रं भारतात कशी रुळली हे दाखवलं आहे. सायकलच्या बाबतीत मी त्यात एवढीच भर घालेन, की ती रुळली ती मागच्या चाकाच्या वाटेने.

पुण्यात हे चाक काय सोसत होतं ते पाहा. खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना होता, स्टेशनजवळ राजाबहादूर मोतीलाल गिरणी होती, आणि १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. पेठांतून पिंपरीला जाऊन येणारा कामगार दिवसाला तीसएक किलोमीटर सायकल चालवत होता, बहुतेकदा कॅरिअरवर डबा आणि घरी परतताना भाजी किंवा एक माणूस घेऊन. गवळी दुधाचे कॅन लावत, पाववाले पत्र्याच्या पेट्या. नगरपालिकेचा बिल्ला, रात्रीचा दिवा आणि डबलसीटची बंदी यांच्या आठवणी पुणेकर हौसेने सांगतात, पण डबलसीटला बंदी होती याचा दुसरा अर्थ डबलसीट सर्रास चालत होतं असाच होतो, आणि त्याची किंमत मागचे स्पोक मोजत होते. यात तासावर सायकल भाड्याने देणाऱ्या दुकानांचं स्थान मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. भाड्याची सायकल दिवसभरात पाच-सहा वेगवेगळ्या वजनांची, वेगवेगळ्या स्वभावांची माणसं वापरतात. शिकाऊ मुलं ती फुटपाथवर आपटतात. अशा दुकानदाराला दहा-वीस सायकली एकाच मापाच्या लागत, म्हणजे मोडलेल्या एकीची रिम दुसरीला आणि दुसरीची हब तिसरीला लावता येई. त्याच्यासाठी सायकल ही एक वस्तू नव्हती, सुट्या भागांची फिरती बेरीज होती. शहरातल्या दुरुस्तीच्या दुकानांना हात बसवायला जागा मिळाली ती बहुधा या भाड्याच्या सायकलींमुळेच, असा माझा तर्क आहे. भाड्याने देणं आणि दुरुस्ती ही दोन्ही कामं बहुतेक एकाच छपराखाली चालत, हा त्याला आधार.

चाक बांधायची रीत साधी दिसते. हबच्या दोन्ही कड्यांतून स्पोक ओवायचे, एकाआड एक उलट दिशेला वळवून एकमेकांवरून नेऊन रिमच्या भोकांत निप्पलांनी धरायचे, मग सगळे निप्पल सारखेच आटे फिरवून हलका ताण द्यायचा. त्यानंतर सायकल उलटी करून चाक चिमट्यात फिरवायचं आणि आउट काढायचा. रिम डावीकडे जात असेल तिथे उजवीकडचे निप्पल घट्ट करायचे, डावीकडचे तितकेच सैल. रिम वर उचलत असेल तिथे दोन्हीकडचे ओढायचे. पण नवख्याचा आउट काढलेला आणि मुरलेल्या कारागिराचा आउट काढलेला यांत फरक पडतो तो महिन्याभराने. नवखा रिम सरळ दिसली की थांबतो. मुरलेला कारागीर स्पोकांवरून बोट फिरवून त्यांचा आवाज ऐकतो, जोडीजोडीने ते मुठीत दाबतो, कुठला ढिला लागतो ते पाहतो, आणि रिम सरळ असूनही काम पुढे चालू ठेवतो, कारण एका स्पोकाच्या जादा ताणाने दुसऱ्याची उणीव झाकून रिम सरळ दिसू शकते. चाळीस भोकांच्या जाड रिमने या कारागिराला चुकायला जागा दिली. एखादा स्पोक तुटला तरी उरलेले एकोणचाळीस चाक सावरून धरत.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल, की एकच माप म्हणजे एकच साचा, आणि साचा म्हणजे साचलेपण. वीस किलोच्या आसपास वजनाची तीच सायकल पन्नास वर्षं बनत राहिली, तिचा ब्रेक पावसात लागत नव्हता, आणि संरक्षित बाजारात कुणाला सुधारणेची गरज वाटली नाही. यातला पावसाचा मुद्दा तर निर्विवाद आहे. क्रोमच्या गुळगुळीत रिमवर पाणी आलं की रबर घसरतं. जुलैच्या पावसात लकडी पूल उतरताना सायकलस्वार पाय टेकवत असत, ते हौसेने नव्हे. पण या साचलेपणाचा दोष मापावर टाकता येत नाही. युरोपातल्या शर्यतीच्या सायकलींचं रिमचं माप, टायरच्या बैठकीशी ६२२ मिलिमीटर, हेही अनेक दशकं बदललेलं नाही, आणि त्याच व्यासात रिमचा धातू, छेद, रुंदी सगळं पालटलं. शर्यतीत लाकडी रिमा चालत होत्या तेव्हा, १९३४ च्या टूर द फ्रान्समध्ये, आंतोनँ मान्यने माविकच्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिमा लाकडी रंग देऊन वापरल्या आणि शर्यत जिंकली. त्यानंतर पोकळ पेटीसारख्या छेदाच्या रिमा आल्या, मग खोल छेदाच्या, मग कार्बनच्या. व्यास तोच राहिल्यामुळे जुन्या सायकलला नवी रिम लावता आली, म्हणजे सुधारणा जुन्या सायकलपर्यंत पोचू शकली. आपल्याकडे सुधारणा थांबली ती स्पर्धा नसल्यामुळे. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचं १९८० साली राष्ट्रीयीकरण करावं लागलं, ही त्या उद्योगाच्या प्रकृतीची खूण आहे, ६३५ मिलिमीटरची नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. पुण्याची सायकल रिममुळे टिकली असेल, पण ती गेली तर स्कूटरमुळे, आणि त्या घसरणीला चाकाच्या मापाशी काही घेणंदेणं नाही. हे मी मान्य करतो. १९७२ साली बजाजची चेतक आली आणि कायनेटिकची लूनाही. दोन्ही वाहनं पुणे परिसरातल्याच उद्योगांची. ज्या आकुर्डी-पिंपरी पट्ट्यात कामगार सायकलवर जात होता त्याच पट्ट्याने त्याला स्कूटर दिली. शहर कोथरूड, हडपसर, चिंचवडच्या पलीकडे पसरलं, अंतरं वाढली, उड्डाणपूल आले, आणि सायकलवाल्याची जागा रस्त्याच्या कडेच्या मातीत गेली. हे सगळं रिमच्या बाहेरचं आहे. तरी घसरणीच्या काळात कोण सायकलवर राहिलं ते पाहिलं, तर माझ्या मुद्द्याला बळ मिळतं. दूध, पेपर, पाव, रखवालदारी, बांधकामाची मजुरी, अशा कामांतली माणसं राहिली, आणि ती सगळी काळ्या रोडस्टरवर होती, कारण तीच कुठेही, थोड्या पैशांत पुन्हा उभी करता येत होती. याउलट डिसेंबर २०१७ पासून पुण्यात मोबाइल अ‍ॅपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली आल्या आणि थोड्याच वर्षांत रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. चोरी, नासधूस, कंपन्यांचे स्वतःचे आर्थिक निर्णय, अशी कारणं त्यामागे आहेत. पण जुन्या भाड्याच्या सायकलीशी त्यांची तुलना करताना हेही दिसतं, की त्यांची दुरुस्ती कंपनीच्या माणसांवर सोपवलेली होती, गल्लीतल्या दुकानाचा त्यात हात नव्हता.

मापाची एकवाक्यता मोडली ती हळूहळू आणि वरच्या टोकाकडून. मुंबई-पुणे सायकल शर्यत बोरघाट चढून येते, आणि घाट आधी सर करणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणतात. त्या शर्यतीच्या हलक्या सायकलींना २७ बाय सव्वा इंचाच्या, म्हणजे ६३० मिलिमीटरच्या, किंवा ६२२ च्या रिमा असत. ६३० आणि ६२२ या मापांतला आठ मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण ६२२ चं टायर ६३० वर चढत नाही आणि ६३० चं ६२२ वर थांबत नाही. मग १९९० च्या दशकात रेंजरसारख्या जाड टायरच्या सायकली मुलांच्या हाती आल्या. त्यांचं २६ इंची माप म्हणजे ५५९ मिलिमीटर, तर जुन्या हलक्या इंग्लिश धाटणीच्या सायकलींचं २६ इंची माप ५९०. दोन्हींना लोक सव्वीसचंच म्हणत आणि दुकानदार गिऱ्हाइकाला परत पाठवत. २००५ नंतर गिअरच्या परदेशी धाटणीच्या सायकली आल्या, पुण्यात दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या सायकलफेऱ्या, सुरू झाल्या, पुण्याहून गोव्यापर्यंत सुमारे ६४० किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर शर्यत सुरू झाली, आणि रोड बाइक हा शब्द सिंहगडाच्या पायथ्याशी रविवारी पहाटे सहज ऐकू येऊ लागला. या सायकलींबरोबर एक नवी गोष्ट आली, ती म्हणजे तयार चाक. हब, स्पोक आणि रिम एकाच कंपनीचे, एकमेकांसाठीच केलेले, वीस किंवा चोवीस स्पोकांचे, काही वेळा स्पोकही त्या कंपनीशिवाय कुठे न मिळणारे.

तयार चाकाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की खोल छेदाची रिम इतकी ताठ असते की तिला वीस स्पोक पुरतात, वारा कापते, आणि नवं चाक विकत घेणं पुन्हा बांधण्याच्या मजुरीपेक्षा महाग पडतंच असं नाही. ताठपणाबद्दलचं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. चांगल्या रस्त्यावर ते चाक उत्तम चालतं. पण मागच्या चाकाची परीक्षा स्पोक तुटल्यावर होते. रोड बाइकच्या मागच्या हबवर नऊ, दहा, अकरा दातेरी चक्रांची रास बसते, त्यामुळे गिअरच्या बाजूचे स्पोक जवळजवळ उभे आणि फार ताणलेले असतात. डावीकडचे तिरके आणि बरेच सैल, कधी कधी निम्म्याच ताणावर. रोडस्टरच्या एकाच दातेरी चक्राच्या हबमध्ये हा पक्षपात फार कमी होता. अशा एकतर्फी चाकात वीसपैकी उजवीकडचा एक स्पोक गेला, की रिम इतकी वाकडी होते की ती फ्रेमला घासते आणि खंबाटकीच्या उतारावर माणूस अडकून पडतो. ३२ पैकी एक गेला तर ब्रेक थोडा सैल सोडून घरापर्यंत येता येतं. म्हणून पुण्याच्या खड्ड्यांतून, गतिरोधकांवरून, पाठीवर किंवा कॅरिअरवर सामान घेऊन चालवणाऱ्यासाठी मी मागे ३२ भोकांचीच बाजू घेईन, अंगाने जड असणाऱ्यासाठी ३६ ची. इंग्लिश कारखानदारांनी पुढचे चार स्पोक मागे दिले त्यातला विचार आजही लागू पडतो. पुढच्या चाकाला २८ किंवा २४ ठेवून हलकेपणाची हौस तिथे भागवता येते.

भोकांची संख्या अर्थात हातात उरलेल्या हबने ठरते, आणि हीच गोष्ट जुने कारागीर गिऱ्हाइकाला आधी विचारत. हब चांगली असेल, तिचे कोन-छर्रे शाबूत असतील, तर चाक फेकायचं कारण नाही. जिच्यावर ब्रेक लागतो ती रिम झिजण्यासाठीच असते. ब्रेकच्या रबरांनी पकडण्याची अ‍ॅल्युमिनियमची भिंत नवी असताना साधारण दीड मिलिमीटर जाड असते. पावसाळ्यात रस्त्यावरची माती आणि धातूची पूड मिळून जो काळा राप रबरावर बसतो, तो सहाणेसारखा तिला घासत राहतो. भिंत एक मिलिमीटरच्या खाली गेली की आतल्या हवेच्या दाबाने ती फुटू शकते. बऱ्याच रिमांवर झीज दाखवणारी खाच किंवा ठिपका असतो. नसेल तर पट्टी आडवी धरून खोलगटपणा पाहावा लागतो. डिस्क ब्रेकच्या सायकलीत मात्र रिम झिजत नाही, ती आपटून वाकली किंवा भोकाशी चिरली तरच बदलावी लागते, आणि तिथे जरा महाग, जरा रुंद रिम घेणं परवडतं. रुंदीबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. पूर्वी आतून १३ ते १५ मिलिमीटर रुंदीच्या रिमांवर २३ चं टायर बसवत. आज १९ ते २१ च्या रिमवर २८ चं टायर कमी हवेत चालतं आणि आपल्या रस्त्यांवर स्पोकांपर्यंत पोचणारा धक्का तिथेच मरतो. फक्त फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली तेवढी जागा आहे का, ते आधी मोजलेलं बरं. स्पोकांची भोकं मध्यरेषेपासून थोडी डावीकडे सरकवलेली रिम मिळाली, तर मागच्या चाकातला तो ताणाचा पक्षपात बराच कमी होतो, आणि माझ्या मते कार्बनवर खर्च करण्यापेक्षा अशा रिमवर खर्च केलेला चांगला.

उरतो स्पोकांच्या लांबीचा प्रश्न. ती ठरते निप्पलांच्या बैठकीपाशी मोजलेल्या रिमच्या व्यासावरून, टायरच्या मापावरून नाही. दोन्ही रिमा ६२२ च्या असूनही खोल छेदाच्या रिमचा हा व्यास साध्या रिमपेक्षा वीस-तीस मिलिमीटर कमी असू शकतो, आणि मग आधीचे सगळे स्पोक निरुपयोगी होतात. म्हणून चाक उकलण्याआधी जुन्या रिमवर छापलेलं नाव आणि माप उतरून ठेवावं, आणि शक्य तर दोन मिलिमीटरच्या फरकात बसणारी नवी रिम शोधावी. तशी मिळाली तर नवी रिम जुनीच्या शेजारी, व्हॉल्व्हच्या भोकाला व्हॉल्व्हचं भोक लावून, चिकटपट्टीने बांधायची. मग सगळे निप्पल थोडे थोडे सैल करून ताण उतरवायचा आणि एकेक स्पोक जुन्या भोकातून काढून शेजारच्या नव्या भोकात न्यायचा. ओवण्याचा क्रम चुकायची भीती राहत नाही. मात्र उजवीकडचा एखादा स्पोक आधी तुटला असेल तर त्या बाजूचे सगळेच नवे घालावेत, कारण उरलेलेही तेवढेच फेरे फिरलेले असतात.